रक्तातली सायकल

आमच्या घरात दोन आवाज एकाच वेळी चालायचे. आतल्या खोलीत माय भाकरी थापायची आणि भिंतीपलीकडे बाबा सायकलचं चाक हाताने फिरवून सोडायचे. दर्यापूरला बसस्टँडच्या मागे, विहाराच्या आळीत आमचं घर होतं. पुढची खोली म्हणजे बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं: बाबा, माय, बाबांची मोठी बहीण म्हणजे आमची आत्या, मी, आणि माझ्याहून चार वर्षांनी धाकटी कुंदा. मधली भिंत मातीची, तीही पातळ. त्यामुळे दुकानात कोण आलं, कुणाची ट्यूब कितव्यांदा पंक्चर झाली, कोण बाबांशी हुज्जत घालून राहिलं, हे सगळं आम्हाला चुलीपाशी बसून कळायचं. ताटात आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वरून कच्चं तेल, आणि नाकात पंक्चरच्या सोल्युशनचा वास. शिकायला म्हणून मी अकोल्याला आले तेव्हा कित्येक दिवस इथलं जेवण मला अळणी वाटायचं. मीठ बरोबर असायचं. तो वास नसायचा, एवढंच.

कुंदा दुकानातच वाढली. मला त्या कामाची कधी गोडी लागली नाही. हात काळे होतात म्हणून मी पुस्तक घेऊन मागच्या ओट्यावर जायची. कुंदा मात्र शाळेतून आली की दप्तर फेकून थेट बाबांच्या बाजूला बसायची. खड्ड्यात आदळून रिम वाकली की चाक फिरताना डुलतं आणि ब्रेकच्या रबराला एका जागी घासतं. मग एक स्पोक थोडा ढिला, समोरचा थोडा घट्ट, असं करत करत ते पुन्हा सरळ आणायचं, याला दुकानात ‘आऊट काढणं’ म्हणतात. हे फार चिकाटीचं काम आहे. जास्त कसलं तर चाक दुसरीकडून वाकतं. बाबा डोळा बारीक करून बघायचे. कुंदा डोळे मिटून ऐकायची. चाक फिरलं की खस्स, थोडं थांबून पुन्हा खस्स, आणि त्या खस्सच्या जागेवर ती बरोबर बोट ठेवायची. दहा वर्षांची पोरगी, पण खेड्यांवरून येणारे लोक बाबांना सांगायचे, आऊट लहानीलाच काढू द्या.

मी पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी विज्ञान दिनाला कुठली ना कुठली शाळा बोलावते आणि म्हणते, मॅडम, नवे नवे शोध सांगा. मी सांगते. फार फार दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याने अवकाशालाच थरथर सुटली, आणि ती थरथर लाटेसारखी प्रवास करत इथवर आली तेव्हा माणसाने ती पकडली. इतकी बारीक, की अणूचा गाभासुद्धा तिच्यापुढे धोंड्याएवढा. मागे एका मुलीने विचारलं, एवढं बारीक ऐकू कसं आलं? मी तिला आरशांचं आणि प्रकाशाच्या किरणांचं सांगितलं. ते बरोबरच होतं. पण सांगताना माझ्या डोळ्यांपुढे कुंदा होती, मान तिरपी करून चाकाशी बसलेली.

कुंदाचं अंग दुखायचं. कधी गुडघे, कधी कंबर, कधी हाताची बोटं सुजून यायची. दुखणं आलं की दोन-दोन दिवस ती ओरडायची, आणि गेलं की काही झालंच नाही अशी दुकानात जाऊन बसायची. डोळे पिवळे पडायचे. कुणी वात म्हणायचं, कुणी कावीळ. एरंडाच्या पानांचा रस पाजून झाला, तेलमालिश झाली, कलेजी खाऊ घातली, गूळ-फुटाणे झाले. आत्याला मात्र रोग कुठून आला ते आधीपासून माहीत होतं. मायचं माहेर कौंडण्यपूरकडचं. मायचा एक भाऊ लहानपणी असाच कण्हत कण्हत गेला होता. आत्या वाईट बाई नव्हती, कुंदाचे पाय तासन् तास तीच दाबत बसायची. पण दाबता दाबता तोंड चालू असायचं. “माहेरावून दुसरं काई आनलं नाई,” ती मायला ऐकू जाईल असं म्हणायची, “हे तेवढं आनलं.” माय क्वचित एकटी असली की माझ्याजवळ म्हणायची, “जन्मली तवा टमाटरावानी होती व माही पोरगी. कितीक महिने तिले काईच नोतं.” जणू कुठल्या तरी एका दिवशी कुणी तरी येऊन तिच्या लेकीचं रक्त बदलून गेलं होतं आणि तो दिवस कोणता हे ती आठवत बसायची.

एकदा दुखणं छातीपर्यंत आलं तेव्हा बाबा कुंदाला घेऊन अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात गेले. आठ दिवस तिथे होते. परत आले तेव्हा दुपार टळलेली होती. बाबा आधी गडूभर पाणी प्यायले, मग भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “सायकल निंगाली.”

मायला कळलं नाही. बाबांनी पुन्हा सांगितलं, रक्त तपासलं, रक्तात सायकल आहे, मोठ्या डॉक्टरांनी दोनदा तेच नाव घेतलं. पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, दमू देऊ नका, ताप आला की घेऊन या. यावर औषध विचारलं तर डॉक्टरांनी नुसती मान हलवली. वाचणाऱ्याला इथे हसू येईल. सिकल सेल हा शब्द आमच्या भागात आता लहान पोरांच्याही तोंडी आहे, पण तेव्हा तो आम्ही कुणी ऐकला नव्हता, आणि ज्या माणसाचा जन्म सायकलीत गेला त्याच्या कानाला दुसरं काय ऐकू येणार? सायकल निघाली म्हटल्यावर बाबांना सगळंच एकदम उलगडलं. सोल्युशनचा तो वास, रिम घासताना उडणारी लोखंडाची भुकटी, तान्ही असल्यापासून दांडीवर बसवून फिरवली ते धक्के. बोलता बोलता ते थांबले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. घरात कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुंदाला दुकान बंद झालं. दुकानात जायचं नाही, सायकलला हात लावायचा नाही, दुकानातलं काही आत आणायचं नाही. बाबा आधी काळ्या हातांनी तिला उचलून आत आणायचे. आता ते मागच्या दाराने यायचे, कपडे बाहेरच्या दोरीवर टाकायचे, हाताला रॉकेल लावून चोळायचे, मग साबण, मग आंघोळ, आणि मगच तिच्याजवळ बसायचे. थंडीच्या दिवसांतही. त्यांच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि रॉकेलने त्या झोंबायच्या, तरी ते घासतच राहायचे.

आत्याचा मोर्चा आता भावाकडे वळला. तुझ्या धंद्याने पोरगी खाल्ली, बंद कर हे दुकान, असं ती उठता-बसता ऐकवायची. बाबा एवढंच म्हणायचे, मग खायचं काय. पण मायला ती काही बोलेनाशी झाली. माहेरचा उद्धार थांबला, मेलेल्या भावाचं नाव घेणं थांबलं. एके सकाळी माय चुलीपाशी काहीतरी गुणगुणत होती. मी ते जन्मात पहिल्यांदा ऐकलं. दिवसभर कुंदाच्या उशाशी गडू भरून ठेवणं हे तिने स्वतःचं काम करून घेतलं आणि ती दर थोड्या वेळाने तिला दोन घोट पाजायची.

कुंदा त्या पातळ भिंतीला पाठ लावून बसायला लागली. बाहेर चाक फिरलं की ती ऐकायची. पहिले काही दिवस नुसतीच. मग एकदा बाबांना एक आऊट निघेना, चाक फिरवून फिरवून ते कंटाळले, आणि आतून कुंदाने भिंतीवर एक टिचकी मारली. बाबा थांबले. त्यांनी चाक पुन्हा फिरवलं. चाक जिथे घासलं तिथे आतून टिचकी आली. काही वेळाने घासणं बंद झालं आणि चाक नुसतं सुं सुं फिरत राहिलं. त्यानंतर आऊट काढायचा असला की बाबा चाक उचलून भिंतीशी आणून फिरवायचे. लोखंड भिंतीच्या पलीकडे, पोरगी अलीकडे, याने तिला काही होणार नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. माय भाकरी उलटताना हे बघायची आणि मान खाली घालायची.

मी त्या वर्षी अकरावीला अकोल्याला आले, सायन्सला, हॉस्टेलवर. जीवशास्त्राच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा होता आणि त्यात एक चित्र होतं. डावीकडे रक्तातली तांबडी पेशी, गोल. उजवीकडे तीच पेशी, वाकून विळ्यासारखी झालेली. खाली इंग्रजीत नाव. मी दोनदा वाचलं. ही वाकडी पेशी बारीक नसांतून वाहू शकत नाही, अडकते, मागचं रक्त तुंबतं, आणि तिथे असह्य दुखतं. आईकडून एक दोष आणि वडिलांकडून एक दोष, असे दोन्ही मिळाले तरच हा आजार होतो. एकच असेल तर माणूस धडधाकट राहतो, त्याला कळतही नाही. मी पुस्तक मिटलं. मला आनंद झाला होता, हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. बाबांचा काही दोष नाही, दुकानाचा नाही, कुंदा पुन्हा चाकाशी बसू शकते, आणि हे घरी जाऊन मी सांगणार. शनिवारची पहिली एसटी मी पकडली.

कुंदा मागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी एका दमात सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

“सायकल नाई व बाई, इळा,” ती म्हणाली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. “मले माईत हाय.”

दवाखान्यात बाबा औषध आणायला खाली गेले असताना एका शिकाऊ डॉक्टरणीने तिला कागदावर काढून दाखवलं होतं. एक गोल आणि एक इळा. आई आणि बाप दोघांकडून येतं, हेही सांगितलं होतं. म्हणजे जवळजवळ वर्षभर ती सगळं जाणून त्या भिंतीला टेकून बसली होती.

“मंग सांगतलं काहून नाई?” मी चिडून विचारलं.

“अर्धं मायकून येते, अर्धं बाबाकून,” ती म्हणाली. “आत्या अर्धंच आयकन.”

मी म्हटलं, आणि बाबांचं काय? ते रोज हात सोलून काढतात ते दिसत नाही का तुला? तिने एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

“बाबाले राग काढाले सायकल हाय. मायजवळ काय हाय?”

मग तिने मला स्वतःची शपथ घातली. मला चाक नाही मिळालं तरी चालतं, असंही म्हणाली. ते साफ खोटं होतं. बोलताना तिचा अंगठा आणि बोट शेंगेला थोडं इकडे, थोडं तिकडे पिळत होतं, स्पोक कसल्यासारखं. बारा वर्षांची होती. मी सोळा वर्षांची, शिकलेली, आणि रविवारी दुपारच्या गाडीने तोंड बंद करून अकोल्याला परत आले. तिने शपथ घातली म्हणून मी गप्प बसले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं हे की ठरवायचं ओझं माझ्यावरून उतरलं म्हणून मला बरं वाटलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. थंडी कडाक्याची पडली, ताप आला, छातीत दुखायला लागलं, आणि दुपारी तिला श्वास पुरेना. मायने हाक मारली तेव्हा बाबा मागच्या चाकाचं फ्रीव्हील उघडून बसले होते. रॉकेल नाही, साबण नाही, तसेच धावत आत आले, तिला उचललं आणि स्टँडवरून जीपमध्ये घातलं. अमरावतीच्या वाटेवर, वलगाव यायच्या आधीच ती संपली होती. तिने बाबांचा हात घट्ट धरला होता, शेवटपर्यंत सोडला नाही, असं माय सांगते.

मी पोचले तेव्हा बायका तिला आंघोळ घालत होत्या. तिच्या मनगटावर बाबांच्या चार बोटांचे काळे ठसे होते. ग्रीस साबणाने निघत नाही. एक बाई घासत होती आणि ठसे नुसते पसरत होते. दारात बाबा उभे होते. ते कुणाकडे बघून नाही, ठशांकडे बघून म्हणाले, “म्याच आनलं घरात.”

माय तिथेच बसली होती. आत्याही. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, इळा, गोल, दोघांकडून, तुमचा दोष नाही. मी बोलले नाही. आत्या उठली, बाहेरून रॉकेलची बाटली घेऊन आली आणि पदराच्या टोकाने तिने ते मनगट हळूहळू पुसून काढलं. ती रडत होती. तिच्याबद्दल माझ्या मनात जो राग होता तो त्या दिवशी गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

बाबांनी दुकान पुन्हा उघडलं नाही. पाने, पंप, पाण्याचं घमेलं, सगळं आळीतल्या एकाला देऊन टाकलं आणि ते कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार म्हणून लागले. जिनिंग गावाबाहेर होतं. ते चालत जायचे, चालत यायचे, भर उन्हातसुद्धा. कुणी सायकल थांबवून मागे बसा म्हटलं तरी नको म्हणायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. मी शिकले, नोकरीला लागले, दर वर्षी नववी-दहावीच्या पोरांना तो धडा शिकवला, फळ्यावर गोल आणि विळा काढला, आणि दिवाळीला घरी गेले की बाबांच्या समोर बसून गप्पा मारल्या. सांगितलं नाही. आत्या गेल्यावर सांगायला हरकत नव्हती. पण तोपर्यंत इतकी वर्षं झाली होती, की बाबा विचारतील, मग आतापर्यंत काहून नाही सांगितलं, याची मला भीती वाटायला लागली होती. ते तसेच गेले. शेवटच्या आजारपणात ते पांघरुणावर हात चोळत राहायचे. नर्सला वाटलं त्यांना खाज सुटते आहे.

आता माय माझ्याजवळ अकोल्याला असते. ऐंशी ओलांडली, ऐकू चांगलं येतं, दिसत कमी. रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवते. काही वर्षांपूर्वी रविवारच्या पुरवणीत कुंदाच्या आजारावरच्या एका शोधाची बातमी आली. वाचून आधी मीच थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या रक्तात एक वेगळं द्रव्य असतं, पोटातलं, ज्याने पेशी वाकत नाही. जन्मल्यावर काही महिन्यांनी शरीर ते बनवणं बंद करतं आणि मोठ्या माणसाचं द्रव्य सुरू करतं. दोष त्या दुसऱ्यात असतो. म्हणजे कुंदासारखी पोरं जन्मतात ती धडच जन्मतात. शास्त्रज्ञांनी ते बंद करणारी कळ कुठे आहे हे शोधून काढलं. आजारी माणसाच्या स्वतःच्याच पेशी बाहेर काढायच्या, नेमक्या त्या जागी कात्री लावायची, पेशी परत आत सोडायच्या, आणि पोटातलं रक्त पुन्हा वाहायला लागतं. उपचार कठीण आहे, महिनोन् महिने दवाखान्यात काढावे लागतात, आणि आमच्या आळीतल्या माणसाच्या तो आज तरी आवाक्यात नाही. पण ज्यांना मिळाला त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं थांबलं. मला आठवलं ते चाक. एक स्पोक ढिला, एक घट्ट. औषध कुंदाच्या अंगातच होतं आणि ते कुणाला माहीत नव्हतं, याचं मला काय करावं ते कळेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि रडले.

मग येऊन मायला सांगितलं. तिला समजेल अशा शब्दांत, कळ आणि कात्रीसकट. ती ऐकत होती. पोटातलं रक्त चांगलं असतं म्हटल्यावर तिचा हात माझ्या मनगटावर आला.

“म्या म्हनत नोती?” ती म्हणाली. “टमाटरावानी होती.”

“हो, माय. तुझं खरं होतं.”

मला वाटलं, हीच वेळ आहे. बाबा नाहीत, आत्या नाही, कुंदा नाही. सगळं सांगून मोकळं व्हावं. सायकल नव्हती माय ती, इळा होता, अर्धा बाबांकडून आणि अर्धा... इथे मी अडले. अर्धंच ऐकणारं आता घरात कुणी उरलं नव्हतं, माझ्या मायखेरीज. तिने तिचंच अर्धं ऐकलं असतं आणि उरलेले दिवस तेच घेऊन बसली असती. कुंदाला हे बाराव्या वर्षी कळलं होतं.

मायने बाजूचा गडू हातात घेतला. मग तिने विचारलं, “मंग आता त्या पोरायले सायकल चालवता येते?”

“येते, माय,” मी म्हटलं. “चांगली चालवता येते.”

तिने मान हलवली. गडूतलं पाणी प्यायली, गडू चाचपत खाली ठेवला.

“तुह्या बाबाले सांगाले पायजे होतं व हे,” ती म्हणाली.